फाइलीत शिरलेला लांडगा

खरं तर हे सांगायची मला अजिबात हौस नाय. पण आमच्या शेंद्र्याच्या पट्ट्यात कुठल्याबी लग्नाला गेलं, की पंगतीत भात पडायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "आप्पा, ते लांडग्याचं होऊन जाऊ द्या!" अन् मी तोंड उघडायच्या आधीच माणसं हसायला लागतात. कुणी म्हणतं आप्पानं फोनला काठी घातली. कुणी म्हणतं आप्पानं फोन जाळीत कोंडला. परवा करमाडच्या एका पाहुण्यानं तर मलाच सांगितलं, की तिकडं कुणी म्हाताऱ्यानं फोनपुढं बकरू बांधलं होतं म्हणे. म्हातारा समोर बसलाय हे त्याला ठाऊक नव्हतं. मी गप जिलबी खाल्ली.

आता सूनबाईनं मागं लकडा लावलाय, "आप्पा, तुम्हीच एकदा खरं काय ते लिहून टाका." म्हणून लिहितोय. मला लिहिता येतं. तिसरीपर्यंत शाळा झालीय माझी, तीबी मेंढरं शाळेच्या आसपास चरत असतील तेवढ्याच दिवशी. जोडाक्षर आलं की माझी चाल मंदावते, एवढं सांभाळून घ्या.

साल दुष्काळाचं. विहीर इतकी कोरडी, की दुपारच्या उन्हाला माणसं आत उतरून सावलीला बसायची. गावाला पाणी टँकरचं. आमच्या चराईच्या रानावर कंपन्यांच्या भिंती उभ्या राहिलेल्या, शहर रोज थोडं थोडं आमच्याकडं सरकत आलेलं, अन् माझ्याकडं मेंढरं उरली होती ती एवढीच, की हरेकाला नावानं हाक मारावी. लेक हनुमान कंपनीत कंत्राटावर. कंत्राट म्हणजे आज आत, उद्या गेटाबाहेर.

म्हणून घराचा सगळा जीव सूनबाईच्या नोकरीत अडकलेला. योगिनी आमची बारावी पास. नव्या कंपनीत दारातच एक टेबल असतं, तिथं बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हसून 'या' म्हणायचं. (हसायचा पगार देतात. मी जन्मभर फुकट कपाळाला आठ्या घातल्या.) पण ते 'या' इंग्रजीत म्हणावं लागतं. तर योगिनीनं फोनवरच्या एका क्लासात नाव घातलं. क्लास चालवायच्या शहरातल्या शीला मॅडम. हरेक गटातल्या चांगल्या माणसाचं नाव त्या कंपनीला कळवणार होत्या. हे मला ठाऊक होतं बरं का. मुद्दाम लिहून ठेवतो, नाहीतर म्हणाल म्हाताऱ्याला कशाचा पत्ताच नव्हता.

त्या क्लासची रीत अशी, की इंग्रजी एकट्यानं शिकायचं नाय. गटागटानं एकच गोष्ट लिहायची, जो तो आपापल्या घरी बसून. योगिनीच्या गटात एक वेरूळचा कृष्णा, लेण्यांपाशी टोप्या विकायचा. अन् एक सोयगावची मोनिका, कापडाच्या दुकानात कामाला. तिघांनी एकमेकांची तोंडं बघितलेली नाय, पण गोष्ट एक.

मी एकदा विचारलं, "एकाच कागदावर तिघं लिहिता?"

"कागद नाय आप्पा, फाइल. मॅडमनं शेअर केलीय."

"शेअर म्हणजे?"

"सगळ्यांत वाटून दिलीय."

"मग तुझा वाटा कुठपर्यंत? मधी बांध दिसंना."

"बांध नसतो आप्पा. कुणीबी कुठंबी लिहितं."

"बिनबांधाचं रान? मग भांडणं होत नायत?"

"इंग्रजीत भांडायचं तर इंग्रजी यावं लागतं," योगिनी म्हणाली.

हे मला पटलं.

त्या दिवशी गोष्ट पुरी करायची होती. विषय होता 'गावात आलेला पाहुणा'. आमच्या घरी रेंज येते ती फक्त मेंढरांच्या जाळीपाशी, तीबी पालथ्या घमेल्यावर फोन ठेवला तर. योगिनी तिथं उकिडवी बसून टाइप करत होती, अन् इतक्यात वेशीवर टँकरचा हॉर्न वाजला. आमच्या बानाबाईचा, म्हणजे माझ्या बायकोचा, गुडघा धरलेला, हनुमान कंपनीत. हंडे घेऊन योगिनीलाच पळावं लागलं. जाता जाता म्हणाली, "आप्पा, एवढं बघा. फोन झोपू देऊ नका. झोपला की रेंज जाती अन् मी गोष्टीतनं बाहेर पडते. मधूनमधून नुसतं बोट लावा. दुसरं काहीसुद्धा करू नका."

"अगं जन्म राखणीत गेला माझा," मी म्हणलं. "घमेल्यावरचा एक फोन राखता येणार नाय?"

बसलो मांडी घालून. बोट लावत राहिलो. पहिल्यांदा कंटाळा आला, पण मग गंमत वाटायला लागली. इंग्रजी अक्षरं मुंग्यांसारखी रांगेनं बाहेर यायची. एक हिरवी काडी पळायची, तिच्या डोक्यावर इवलासा झेंडा, झेंड्यावर 'कृष्णा'. एक निळी काडी, तिच्यावर 'मोनिका'. फोन हनुमाननं मराठीत लावलेला, तेवढं वाचता येत होतं. मी मनात म्हणलं, दोघंबी आपल्याच कळपातले. चरू द्या.

तेवढ्यात वरनं एक जांभळा झेंडा उतरला. त्यावरची अक्षरं मी एकदा वाचली. चष्मा पुसून परत वाचली.

'अनामिक लांडगा.'

अन् तो जांभळा थेट आमच्या योगिनीच्या लिहिलेल्यावर येऊन बसला. बसला तो बसला, वर खायला लागला! एक शब्द गडप. दुसरा गडप. एक सबंध ओळ गिळली.

मी हाक मारली, "बाना! अगं बाना! फाइलीत लांडगा शिरलाय!"

बानाबाई गुडघ्याला तेल चोळत ओसरीवर बसलेली. "कोण शिरलंय?"

"लांडगा!"

"लांडगे असतील कुणी. क्लासातले. आपल्या भाचीच्या लग्नात नव्हते का लांडगे, ते पोस्टातले?"

"लांडगे नव्हं, लांडगा! एकच हाय. अन् सुनेचं लिहिलेलं खातोय!"

आता मला सांगा, ज्याचं आयुष्य मेंढरांमागं गेलं त्यानं लांडगा दिसल्यावर काय करायचं? अर्ज द्यायचा? मी करायचं तेच केलं. ओरडलो. "हाऽड! हाऽड! निघ मुडद्या! तुझं मढं बसविलं तुझं! दुसऱ्याच्या रानात तोंड घालतो व्हय रं!"

ओरडताना फोन हातात घट्ट धरला होता. खाली कुठं माइकचं चित्र असतं, त्यावर अंगठा गेला. त्यावर बोट पडलं की माणूस बोलंल ते फोन लिहून काढतो, हे मला नंतर कळलं. तवा एवढंच दिसलं, की योगिनीच्या गोष्टीत मधोमध मराठी उमटलं : 'हाड हाड निघ मुडद्या तुझं मढं बसविलं.'

मी म्हणलं, बघा, फोनबी आपल्या बाजूनं बोलायला लागला. आणखी जोर आला. आणखी दोन-चार ठेवणीतल्या घातल्या, त्या इथं लिहीत नाय. (सून वाचणार आहे.)

तिकडं काय झालं ते नंतर कृष्णानं सांगितलं. त्याला अन् मोनिकाला वाटलं, योगिनीनं गोष्टीला वळण दिलं. पाहुणा म्हणून गावात लांडगा आणला, अन् म्हाताऱ्याच्या तोंडचं बोलणं आधी मराठीत टाकलं, इंग्रजी आपण करायचं. दोघं गुणी पोरं. लागली इंग्रजी करायला. 'मुडद्या'ला कृष्णानं शब्द शोधला, तर त्याला 'डेड बॉडी' सापडला. मोनिका म्हणाली, वडील माणूस बोलतोय, जरा अदबीनं पाहिजे. म्हणून तिनं 'माय डिअर डेड बॉडी' केलं.

मला इकडं काय दिसलं? माझी शिवी उमटते, अन् लगेच पुसून तिथं इंग्रजी येतं. म्हणजे लांडगा माझंबी खायला लागला!

"बाना, काठी आण! शिव्या पचवतोय हा!"

आता ती लंगडत आली. फोनमधी बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "फोनला काठी मारणार? तुम्ही?"

"लांडगा मी ओळखत नाय काय? जंगी लांडगा एकट्यानं परतवलाय मी, घाटात!"

"कुणी परतवला?"

"मी!"

"व्हय का? तुम्ही बाभळीवर चढून बसला होता. धोतर वर अडकलेलं. मी जळतं लाकूड घेऊन हाकलला त्याला. अन् लांडगा नव्हताच तो. सांडू पाटलाचं कुत्रं होतं ते."

"मी वरनं नजर ठेवत होतो!"

"काटे निघायला आठ दिवस लागले. कुठले काटे ते सांगू का?"

"फोनपुढं नको!"

फोन मात्र सगळं लिहून घेत होता. बाभूळ, धोतर, सांडू पाटलाचं कुत्रं. काटेसुद्धा. अन् वेरूळला कृष्णा अन् सोयगावला मोनिका धापा टाकत इंग्रजी करत होती, कारण 'योगिनी' थांबायचं नावच घेत नव्हती.

लांडगा मात्र आता खायचा थांबला. एका जागी नुसता लुकलुकत राहिला. मी बानाला म्हणलं, "बघ, भ्याला." अन् फोन वाजला. अनोळखी नंबर. मी बोट ओढलं.

"हॅलो योगिनी, काय चाललंय हे? मी शीला मॅडम बोलतेय."

"मॅडम, तुम्ही लांब राहा," मी म्हणलं. "फाइलीत लांडगा शिरलाय."

"आजोबा, ऐका. तो लांडगा मीच आहे."

मी फोन कानापासनं लांब धरला. बानाला हळूच म्हणलं, "बाईच्या आवाजात बोलतोय."

"आजोबा, मी दुसऱ्याच्या फोनवरून फाइल उघडलीय. माझं नाव आत टाकलेलं नाही. नाव नसलं की तो आपोआप कुठल्यातरी प्राण्याचं नाव दाखवतो. मी योगिनीच्या चुका काढत होते!"

"अस्सं? मॅडमचं नाव सांगून आत येतो व्हय? शेळीच्या पोराला आईच्या आवाजात हाका मारणारी जात तुझी! माझ्या सुनेची नोकरी खायला आलास? ये, समोर ये मुडद्या!"

अन् मी फोन कापला. छाती फुगली होती. घाटातसुद्धा एवढा पराक्रम झाला नव्हता. (झाला होता. म्हणजे मी वरनं बघितला होता.)

योगिनी हंडे घेऊन आली तवा मी अजून फोनवर पहारा देत होतो. "सूनबाई, चिंता करू नको. हाकलला," मी म्हणलं. तिनं डोक्यावरचा हंडा तसाच ठेवून स्क्रीन बघितली. वाचत गेली, वाचत गेली. बाभळीपाशी आली तवा तिचे ओठ हलले. मग विचारलं, फोन कुणाचा येऊन गेला, तर मी म्हणलं, लांडग्याचाच, मॅडमचं नाव सांगत होता, त्यालाबी मुडद्या म्हणलं. अन् हंडा कलला. अर्धा हंडा पाणी माझ्या अंगावर, अन् बानाबाई किंचाळली, "अगं पाणी!" त्या साली माणूस पडला तरी लोक आधी पाणी सांडलं का बघायचे.

"आप्पा," योगिनी म्हणाली, "तुम्ही शीला मॅडमला मुडद्या म्हणालात."

खाली बसून सांडलेल्या पाण्याचा चिखल हातानं एका जागी गोळा करत राहिली, मेंढरांना चाटायला. मी पुष्कळ ओरडा खाल्लाय आयुष्यात. ते बघणं त्याहून वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. योगिनीनं स्पीकर लावला, कारण बानाबाईनं लावायला लावला.

"योगिनी, बाकीच्या सगळ्या गटांचा पाहुणा गावात येतो, चहा पितो अन् जातो," मॅडम म्हणाल्या. "तुमचा एकट्यांचा पाहुणा लक्षात राहिला. इंग्रजीच्या चुका आहेत, पण गोष्ट जिवंत आहे. झाडावरचा तो भित्रा म्हातारा तर फारच छान उतरलाय."

बानाबाई पदर तोंडाला लावून हलायला लागली. मी मेंढरं मोजायला बाहेर बघितलं.

"तुझं नाव मी कंपनीला कळवीन," मॅडम म्हणाल्या. "पण एक आहे. मला फोनवर जे बोललं गेलं, त्याची माफी पाहिजे. पुढचा धडा तसाही माफीच्या पत्राचाच आहे. गटानं मिळून लिहा, आजोबांना वाचून दाखवा, त्यांनी हो म्हटलं पाहिजे. पत्र आलं की नाव जाईल."

फोन बंद झाला अन् तिघांनी माझ्याकडं बघितलं. तिघं म्हणजे योगिनी, बानाबाई अन् रात्रपाळी करून आलेला हनुमान.

"मी मागणार नाय," मी म्हणलं. "दुसऱ्याच्या रानात शिरायचं तर बांधावरनं हाळी द्यायची ही रीत आहे. आपलं नाव सांगायचं. ही बाई नाव न सांगता शिरली अन् वर लांडगा होऊन शिरली. माफी तिनं मागायची."

"आप्पा, माझी कंत्राटाची मुदत संपत आली," हनुमान म्हणाला.

"संपू दे."

"एवढा ताठा बाभळीखाली दाखवला असता तर," बानाबाई म्हणाली.

आता ताठ राहण्याशिवाय इलाजच उरला नाय. घरात कुणी माझ्याशी धड बोलंना. ताटात भाकरी यायची, पण ठेचा विसरलेला असायचा. चहा यायचा, पण नुसता रंगाला. मीबी हटलो नाय. मेंढराशी बोलायचो. मेंढरूबी तोंड फिरवून बसायचं.

अन् एका सकाळी योगिनी हसत हसत जाळीपाशी आली. हातात फोन. "आप्पा, माफीचं पत्र तयार झालंय. ऐकता?"

मी म्हणलं, "वाकली का मॅडम शेवटी?"

"इंग्रजीत आहे."

"असू दे. मॅडमला मराठी लिहायची लाज वाटत असंल. वाच."

योगिनी वाचायला लागली. काय गोड वाचते पोरगी! मला शब्द कळंना, पण 'सॉरी' कळत होतं. एक सॉरी आलं, मी मान हलवली. दुसरं आलं, मी मिशीवरनं हात फिरवला. मधी 'मिस्टेक' आलं, तेबी मला कळतं, कंपनीत हनुमानच्या तोंडी रोज असतं. मी म्हणलं, "चूक कबूल केली म्हणायची."

"पूर्ण कबूल केलीय, आप्पा."

"बाई मनानं वाईट नाय. पण सॉरी जरा कमी वाटतात. शेवटाला एक हवं होतं."

"घालू?"

"तुला घालता येतं?"

"शेअर केलेलं आहे ना. कुणीबी घालू शकतं."

"मग घाल. दोन घाल."

तिनं घातली. तिकडनं कृष्णानं एक घातलं, मोनिकानं एक घातलं, मला त्यांचे झेंडे पळताना दिसले. मला वाटलं, बघा, पोरांनासुद्धा माझी बाजू पटली.

"आता पसंत असंल तर अंगठा द्या," योगिनी म्हणाली.

"अंगठा? मी सही करणारा माणूस आहे!"

"इथं सही चालत नाय आप्पा. भले भले अंगठाच देतात." अन् तिनं स्क्रीनवर पिवळा अंगठा दाखवला. मी त्यावर माझा टेकवला.

त्या दिवशी ताटात ठेचा आला. वर गूळबी आला. मी पायताण घालून पारावर गेलो अन् बसलेल्या समद्यांना सांगितलं, की शहराची मॅडम, एवढी शिकलेली, तिनं लेखी माफी मागितली माझी. इंग्रजीत. पुंजाराम म्हणाला, "आप्पा, तुमचा वट आहे." मी म्हणलं, "बाईला मी मोठ्या मनानं माफ केलं."

बोलत होतो तोच हनुमान फोन घेऊन आला. "आप्पा, मॅडमनं तुमच्यासाठी बोलून पाठवलंय."

"मोठ्यानं लाव," मी म्हणलं. "सगळ्यांना ऐकू दे."

त्यानं लावलं.

"नमस्कार आजोबा. तुमचं माफीचं पत्र मिळालं. वाचून बरं वाटलं. तुम्ही चूक इतक्या मनापासून मान्य केलीत, की माझ्याच डोळ्यात पाणी आलं. मी तुम्हाला माफ केलंय. योगिनीचं नाव आज कंपनीला गेलं. पत्राला दहापैकी नऊ दिलेत. एक कापला, कारण सॉरी जरा जास्त झाले होते."

मग पुंजाराम खोकला. ते खोकणं नव्हतं.

योगिनीला जाब विचारायला घरी गेलो, तर तिनं माझ्या पाया पडून फोन पुढं केला. कंपनीनं बोलावलं होतं. त्याच्या पुढच्या महिन्यापासनं ती त्या दारातल्या टेबलाशी बसते, अन् हसून 'या' म्हणते. तिला बोलावं तर काय बोलावं? ती खोटं एक अक्षर बोलली नव्हती. माफीचं पत्र म्हणाली, ते माफीचंच होतं. कुणाची माफी, हे मी विचारलंच नव्हतं.

तर हे असं आहे. माझी माफी मागून झाली, माझ्याच अंगठ्यानं, वर दोन सॉरी मीच वाढवून घेतली. पण नाव लपवून सुनेच्या रानात शिरल्याबद्दल जी माफी यायची होती, ती आजतागायत आलेली नाय. मी वाट बघतोय. घाई नाय. फक्त इंग्रजीत नको, नाहीतर परत मीच मागून बसायचो. मराठीत मागा, शीला मॅडम.